कालवड माजावर येत नाही? इंजेक्शनाआधी टेप लावा

"ताई, कालवड दोन वर्षांची झाली, अजून माजावर नाही. कुठलं इंजेक्शन द्यायचं?" दर पंधरा-वीस दिवसांनी कुणी ना कुणी हे विचारतंच. मी उलट विचारते, वजन किती आहे? त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "वजन नाही केलं, पण दिसायला चांगली आहे."

आमचा गोठा माळशिरस तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात आहे. गाई एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, आणि आता सगळ्या घरीच वासरापासून वाढवलेल्या. पण एक वर्ष असं गेलं की दावणीला तीन कालवडी, वयं सव्वीस, बावीस आणि अठरा महिने, आणि तिघींपैकी एकीचाही माज, म्हणजे वळू घ्यायची तयारी, आम्ही पाहिला नव्हता. रोज वैरण घालायची, शेण काढायचं आणि दुधाचा थेंब नाही. वैतागून आम्ही थोरलीला माजावर आणायचं इंजेक्शन टोचून घेतलं. चौथ्या दिवशी तिने गाभ टाकला. चार महिन्यांची गाभण होती ती, आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

त्या दिवसानंतर मी क्रम ठरवून तपासायला लागले. खाली तोच क्रम आहे. हे सगळं एचएफ आणि जर्सी संकरित कालवडींचं आहे. खिलार, देवणी, लाल कंधारी, गीर अशा देशी जातींचा हिशेब वेगळा असतो. त्या मुळातच उशिरा वयात येतात, त्यामुळे दोन वर्षांच्या खिलार कालवडीचा माज दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आधी ती गाभण नाही ना, ते पाहा

ऐकायला विचित्र वाटतं, पण पहिली तपासणी हीच. आमच्या थोरलीच्या शेजारी एक गोऱ्हा बांधलेला असायचा, जेमतेम वर्षाचा. "एवढंसं पोर काय करणार" असं आम्ही धरून चाललो होतो. संकरित गोऱ्हे आठ-दहा महिन्यांतच जोडा द्यायच्या लायक होतात. एका रात्री दावं सुटलं असणार. आता आमच्याकडे सहा महिन्यांनंतर गोऱ्हे आणि कालवडी एकत्र राहत नाहीत.

इंजेक्शनाने गाभ का पडतो, हे नीट समजून घ्या. बीजांडकोशावर माजानंतर एक गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. कालवड गाभण नसेल तर काही दिवसांनी हा पीतपिंड विरघळतो आणि पुढचा माज येतो. गाभण असेल तर तो टिकून राहतो आणि गर्भाला सांभाळतो. माजावर आणायला सर्रास टोचतात ते प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन पीतपिंड विरघळवतं. गाभण कालवडीला ते दिलं की गर्भाचा आधारच जातो. आणि कालवड मुळात वयातच आलेली नसेल, बीजांडकोश लहान आणि गुळगुळीत असतील, तर विरघळवायला पीतपिंडच नसतो. मग इंजेक्शन वाया जातं आणि माणूस म्हणतो, औषध बोगस होतं.

म्हणून पिशवी (गर्भाशय) आणि बीजांडकोश तपासल्याशिवाय कुणालाही सुई लावू देऊ नका. पशुवैद्यकाला हात घालून साधारण दोन-अडीच महिन्यांपासूनचा गाभ खात्रीने कळतो, आणि सोनोग्राफीत महिनाभराचाही दिसतो. आमची चूक ही की तपासायचा आग्रह आम्ही धरला नाही आणि टोचणाऱ्याने तपासलं नाही. आणखी एक: पडलेला गाभ आणि वार (गर्भासोबत बाहेर पडणारी झिल्ली) उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेला, म्हणजे गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग, असेल तर तो माणसालाही होतो. हातमोजे घाला, खोल खड्डा करा, चुना टाकून पुरा.

मग टेप काढा

कालवड माजावर येते ती वजनावर. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के वजन झालं की संकरित कालवड वयात येते, आणि ६० टक्क्यांच्या आसपास गेली की भरवायच्या, म्हणजे रेतन करायच्या, लायक होते. आमच्याकडच्या एचएफ संकरित गाई ४२० ते ४५० किलोच्या भरतात. म्हणजे पहिला माज १७० ते २०० किलोच्या दरम्यान कधीतरी, आणि भरवायची वेळ २५० ते २७० किलोला. कालवड चौदाव्या महिन्यात २०० किलोची झाली तर चौदाव्या महिन्यातच माज दाखवेल, आणि तिसाव्या महिन्यात १६० किलोचीच असेल तर तिसाव्यातही शांत उभी राहील.

वजनकाटा गोठ्यावर नसतो, पण शिंप्याची टेप घरोघरी असते. इंचात दोन मापं घ्या. एक, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. दुसरं, पुढच्या खांद्याच्या टोकापासून मागे शेपटीशेजारी टेंगळासारखं जे हाड हाताला लागतं तिथपर्यंतची लांबी. घेराला घेराने गुणा, येईल त्याला लांबीने गुणा, आणि ६६० ने भागा. उत्तर किलोत येतं. दहा-पंधरा किलो इकडेतिकडे होईल, पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी खरं. माप सकाळी वैरणीआधी घ्या, कालवड सपाट जागेवर चारी पायांवर सरळ उभी असताना.

आमच्या धाकटीचा घेर भरला ५४ इंच, लांबी ४४. म्हणजे १९४ किलो. दिसायला उंच होती, केस तुकतुकीत नव्हते पण अगदी मरतुकडीही नव्हती, म्हणून आम्ही तिला सव्वादोनशेची समजत होतो. जन्मली तेव्हा साधारण ३० किलोची असेल. अठरा महिन्यांत १६४ किलो चढले, म्हणजे दिवसाला फक्त ३०० ग्रॅम. ५५० ग्रॅमने वाढली असती तर सहा महिन्यांना १३० किलो, वर्षाला २३० किलो आणि पंधरा महिन्यांना पावणेतीनशे किलो झाली असती. हे आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. कालवड मागे पडतेय हे अठराव्या महिन्यात कळण्यापेक्षा सहाव्यात कळलं तर सगळं सोपं असतं.

आता टेपने दोन रस्ते फुटतात. वजन पुरेसं असेल तर एक, कमी असेल तर दुसरा.

वजन आहे, तरी माज नाही

आमच्या मधलीचं हेच होतं. वजन २६० किलो. तिला मी गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून शेवटच्या खुंटीला बांधत होते. एका सकाळी तिच्या शेपटीला रक्त लागलेलं दिसलं. मला वाटलं, जखम झाली. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "माज होऊन गेला हिचा, दीड-दोन दिवस झाले." तपासलं तर बीजांडकोशावर नुकतंच बीज सुटल्याची खूण लागली. म्हणजे तिचं चक्र सुरू होतं, किती महिन्यांपासून कुणास ठाऊक. दर एकवीस दिवसांनी ती माजावर येत होती आणि आम्ही पाहत नव्हतो.

कालवडीचा माज बारा ते अठरा तासांचा, कधी त्याहून कमी. उन्हाळ्यात तर तो रात्रीच येऊन जातो. म्हणून पहाटे पाच-सहाला आणि रात्री जेवणं झाल्यावर, नऊ-दहाला, वैरण न टाकता नुसतं वीस मिनिटं उभं राहून पाहायचं. वैरण टाकली की सगळ्या माना खाली जातात आणि काही कळत नाही. आणि बांधलेल्या कालवडीचा माज निम्माअधिक दिसतच नाही. तिला दिवसातून दोनदा अर्धा तास मोकळं सोडा, दुसऱ्या एका जनावरासोबत. दुसरी तिच्यावर उडी घेते आणि ही न हलता उभी राहते, ही सगळ्यांत पक्की खूण. ती दुसऱ्यांवर उडत असेल तर संशय धरा, पण खात्री उभं राहण्यावर. बाकी खुणा तुम्हाला माहीत आहेत: काचेसारखा चिकट सोट (स्राव), सुजलेलं निरण (योनीमुख), सारखं लघवी करणं, खाण्यावर लक्ष नसणं. सोट कधी कधी शेपटीला वाळून चिकटलेला असतो, म्हणून शेपूट हातात घेऊन पाहायची सवय लावा.

रक्त दिसलं तर त्या दिवशी भरवू नका. कालवडींमध्ये माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत थोडं रक्त येणं नेहमीचं आहे, आजार नाही. पण वेळ गेलेली असते. तारीख लिहा आणि त्यानंतर सतराव्या-अठराव्या दिवसापासून डोळ्यात तेल घालून पाहा. मधलीला आम्ही तसंच पाहिलं. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी ती उभी राहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी भरवली आणि त्याच खेपेला गाभण राहिली. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. बीज सुटतं ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी, म्हणून ही वाट पाहायची. लगेच फोन करून दुपारीच भरवायची घाई कालवडीला उपयोगाची नाही.

वजन भरलेलं आहे, महिना-दीड महिना असं पाहूनही काही दिसत नाही, तरच डॉक्टरांकडून पिशवी तपासून घ्या. पीतपिंड लागला आणि गाभ नसल्याची खात्री झाली, तर मात्र ते इंजेक्शन योग्य माणसाच्या हातून योग्य काम करतं. माझा विरोध इंजेक्शनाला नाही, न तपासता टोचण्याला आहे.

एक शक्यता मनाला लागणारी आहे, पण सांगायलाच हवी. गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड दहात नऊ वेळा वांझ निघते. पोटात असतानाच दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि तिच्या पिशवीची वाढच होत नाही. घरी जन्मलेली असेल तर आपल्याला माहीत असतं. बाजारातून आणलेली असेल तर विकणारा सांगेलच असं नाही. तिचा योनीमार्ग नेहमीपेक्षा फार आखूड असतो, त्यामुळे डॉक्टर ते लहानपणीच मोजून सांगू शकतात. घरात असं जुळं जन्मलं तर दोन वर्षं वाट पाहू नका, पहिल्या दोन महिन्यांत तपासून घ्या.

वजनच कमी आहे

दहात सात-आठ फोन शेवटी इथे येतात. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण तीन ते बारा महिने या काळात सापडतं. दूध पीत असते तोवर वासराकडे घराचं लक्ष असतं. गाभण राहिली की पुन्हा लक्ष जातं. मधल्या काळात ती कुणाचीच नसते. गोठ्याच्या मागे, उकिरड्याच्या कडेला बांधायची, आणि दुभत्या गाईंच्या गव्हाणीतून उरलेली कुट्टी तिच्यापुढे लोटायची. आमची धाकटी दूध तोडल्यावर फेब्रुवारीत तिथे गेली. समोर वाढे (उसाचे शेंडे) आणि कडबा, दुसरं काही नाही.

वाढ्यांबद्दल आमच्या पट्ट्यात बोलायलाच हवं. कारखाने सुरू झाले की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाढे स्वस्त आणि भरपूर मिळतात, जनावर आवडीने खातं, पोट टम्म दिसतं. पण त्यात प्रथिनं फार कमी, आणि ऑक्झलेट असतं. हे ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर घेऊन जातं. वाढत्या हाडांच्या जनावराला चार महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवणं म्हणजे दर महिन्याला तिची वाढ खिशातून काढून घेणं. वाढे पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, ते शक्यच नाही. हिरव्यातला छोटा हिस्सा वाढ्यांचा ठेवा, कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा, आणि सोबत लसूणघास किंवा चवळी, काहीतरी द्विदल असू द्या. नुसत्या कडब्यावर उन्हाळा काढणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, हिरवं नाही म्हणजे जीवनसत्त्व अ नाही, आणि त्याचा फटका थेट पिशवीला बसतो.

धाकटीला आम्ही दिलं ते असं. रोज दोन किलो खुराक, दोन वेळा विभागून. शंभर किलोच्या मापात मक्याचा भरडा ३५, सरकी पेंड २०, सोयाबीन पेंड १०, गव्हाचा भुसा (कोंडा) आणि तूरचुनी मिळून ३२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १. यातून साधारण १७ टक्के प्रथिनं मिळतात. मक्याचा मुरघास आणि लसूणघास मिळून बारा-तेरा किलो, आणि कडब्याची कुट्टी खाईल तेवढी. पाणी पूर्ण वेळ समोर. वर ३० ग्रॅम खनिज मिश्रण वेगळं, कारण ती चपला आणि दाव्याची टोकं चघळत होती. असं चघळणं दिसलं की स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय असं समजा. कडबा आणि वाढे दोन्हींत ते कमीच असतं.

दुभत्या गाईंची गोळी पेंड सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना घालू नका. काही गोळी पेंडीत युरिया असतो. मोठ्या जनावराच्या पोटातले जीवाणू तो वापरून घेतात, लहान वासराचं पोट अजून तयार झालेलं नसतं आणि त्याला विषबाधा होते.

खुराक वाढवायच्या आधी मात्र जंत. पोट सुटलेलं, मागचा भाग निमुळता, केस राठ आणि उभे, खालची पापणी उलटून पाहिली तर आत गुलाबीऐवजी पांढुरकी: अशा कालवडीला पेंड घालणं म्हणजे जंतांना जेवायला घालणं. शेणाची तपासणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होते, डबीत ताजं शेण घेऊन जा. तपासणीचा आग्रह यासाठी की कालव्याकाठी, पाणथळ बांधांवर चरणाऱ्या जनावरांना गोगलगायींवाटे चपटे कृमी होतात, आणि नेहमीचं जंतांचं औषध त्यांच्यावर चालेलच असं नाही. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज आली असेल तर हा संशय आधी घ्या. औषध कुठलं आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. कालवड नुकतीच भरवलेली असेल तर ते आवर्जून सांगा, कारण अल्बेंडॅझोलसारखं औषध गाभाच्या पहिल्या दिवसांत चालत नाही.

गोचिडांचं एका ओळीत सांगते: कानात, मांड्यांच्या आत आणि शेपटीखाली बोट फिरवून पाहा, आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगाही औषधाने धुऊन काढा, कारण अंडी तिथे असतात.

आणखी एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. सहा महिन्यांची आणि दीड वर्षाची एकाच गव्हाणीवर असल्या की मोठी आधी खाते आणि धाकटी उरलेलं चिवडते. वयाने नव्हे, अंगाने सारख्या असलेल्या कालवडी एकत्र ठेवा.

अकरा-बारा आठवड्यांनी धाकटीला पुन्हा टेप लावली. घेर ५९, लांबी ४७, म्हणजे २४८ किलो. दिवसाला साडेसहाशे ग्रॅमच्या वर गेली होती. उपाशी राहिलेलं जनावर खायला मिळालं की असं झपाट्याने वाढतं. दहाव्या आठवड्यातच तिने माज दाखवला होता, एकही इंजेक्शन न देता. तो माज आम्ही सोडला, पुढचाही सोडला, तिसऱ्याला भरवली.

पहिल्याच माजाला भरवायची घाई

माज सोडायला जीव होत नाही, विशेषतः इतकी वाट पाहिल्यावर. पण १९० किलोच्या कालवडीला भरवलं तर तिची स्वतःची वाढ आणि पोटातलं वासरू एकाच घासासाठी भांडतात. कमरेचं हाड अरुंद राहतं, वासरू अडतं, ओढून काढावं लागतं, पिशवीला इजा होते आणि पहिल्या वेतात दूधही निम्मं. अडलेली कालवड मी जवळून पाहिली आहे, म्हणून २५० च्या आत मी कुणालाही हो म्हणत नाही. भरवताना वळूची निवडही विचारून करा. कालवडीला मोठ्या वासरांच्या वळूची वीर्यमात्रा नको, ज्याची वासरं सहज विली जातात त्याची मागा. सॉर्टेड सीमेन (लिंग निवडलेलं वीर्य) मिळत असेल तर कालवडीसाठी ते चांगलं: दहात नऊ वेळा कालवड होते, आणि कालवड गोऱ्ह्यापेक्षा अंगाने थोडी लहान असल्याने विणंही सोपं जातं. त्यात गाभण राहायचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा थोडं कमी असतं, हे मात्र आधीच धरून चाला.

उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहणाऱ्या, कालवडींचा विषय मोठा आहे. इथे एवढंच: सोट काचेसारखा स्वच्छ आहे की गढूळ, पांढरट आहे, ते प्रत्येक माजाला पाहून लिहा. गढूळ असेल तर भरवू नका, उपचार करून घ्या. स्वच्छ असूनही तीनदा उलटली तर चौथ्यांदा भरवायच्या आधी तपासणी. रेतनाची तारीख वहीत लिहा आणि कानातल्या बिल्ल्याच्या बारा अंकी नंबरावर सरकारी नोंदीतही करून घ्या, म्हणजे डॉक्टर बदलले तरी इतिहास हरवत नाही.

मुळाशी: पहिले काही तास

धाकटी मागे का पडली याचा शोध घेत मी तिच्या जन्मापर्यंत गेले. तिला पहिल्या महिन्यात दोनदा हगवण लागली होती, तिसऱ्या महिन्यात रक्ती हगवण. आणि तिला चीक मिळाला होता जन्मानंतर सात-आठ तासांनी.

आमच्या घरी रीतच होती, वार पडल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही. सासूबाईंनी त्यांच्या सासूकडून घेतलेली, मी सासूबाईंकडून. त्यामागे गाईची काळजी होती, म्हणून मी त्या रीतीला नावं ठेवणार नाही. पण वासरू आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाही. ती ताकद फक्त चिकातून येते, आणि तीही आतड्याची दारं उघडी असेपर्यंत. ही दारं जन्मापासून तासातासाने मिटत जातात आणि चोवीस तासांत जवळजवळ बंद होतात. वार पडायला सहा-आठ तासही लागतात. तोवर निम्मी संधी गेलेली असते. उलट वासरू प्यायलं किंवा धार काढली की गाईच्या अंगात जे सुटतं त्याने पिशवी आवळते आणि वार पडायला मदतच होते.

तेव्हा हिशेब असा: तीस किलोच्या वासराला पहिल्या चोवीस तासांत तीन लिटर चीक, त्यातला निम्मा पहिल्या तास-दोन तासांत. जास्त चिकाने हगवण लागते ही भीती सोडा. हगवण लागते ती घाणेरड्या बादलीने आणि उशिराने. नाळ दोन-तीन इंच ठेवून कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पहिल्या दोन महिन्यांत दूध वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं, दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा सुरुवातीचा खुराक) समोर. नुसत्या दुधाने पोटाची वाढ होत नाही, दाण्याने होते. रोज पाऊण ते एक किलो स्टार्टर खायला लागली की दूध तोडा, वयाचे महिने मोजून नको. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान कालवडीला ब्रुसेलाची लस, आयुष्यात एकदाच. ही चुकवली तर पुढे सातव्या-आठव्या महिन्यात गाभ पडायची वेळ येऊ शकते.

धाकटी व्यायली तेव्हा साडेतीस महिन्यांची होती, माझ्या हिशेबाने चार महिने उशिरा. शेवटचे दोन महिने तिला खुराक अडीच किलोवर नेला होता, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत दुभत्या गाईंसोबत धारेच्या जागी उभी करून कासेला हात लावायची सवय केली होती. पहाटे चारला विली, मदत लागली नाही. वासरू कालवड, ३१ किलो. वार अजून लोंबत होती. सासूबाईंनीच कास कोमट पाण्याने पुसली आणि बाटली माझ्या हातात दिली. पाच वाजायच्या आत दीड लिटर चीक वासराच्या पोटात गेला. वार सातला पडली. खरवस आम्ही दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा केला.